गिरणगावातल्या चाळी उठताहेत, करारात काय मागून घ्यायचं?

काळाचौकीकर

आमची चाळ उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणारी जुनी भाड्याची इमारत, विकास नियंत्रण नियमावलीच्या नियम ३३(७) खाली पुनर्विकासाला जाणारी. सध्या बैठका चालू आहेत आणि प्रत्येक बैठकीत तेच तीन प्रश्न येतात: कार्पेट, म्हणजे घराच्या आतलं चटई क्षेत्र, किती, बाहेर राहायचं भाडं किती, ताबा कधी. प्रश्न रास्तच आहेत. दहा बाय अठराच्या खोलीत तीन पिढ्या काढलेल्या माणसाने आधी हेच विचारावं. पण चौथा एक प्रश्न कोणी काढत नाही. तो इथे मांडतोय, कारण लालबाग-परळपासून वरळी-नायगावपर्यंतचे बरेच जण इथे आहेत आणि काहींच्या इमारती आमच्या पुढे गेल्या आहेत.

त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवला पहिली कापड गिरणी काढली, १८५६ मध्ये ती चालू झाली. पुढच्या पन्नासेक वर्षांत भायखळ्यापासून परळ-वरळीपर्यंतच्या वाड्या, शेतं आणि खाजणं गिरण्यांनी भरून गेली. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, पुण्याकडून माणसं आली. तेलुगू पद्मशाली आले, उत्तरेकडचे विणकर आले. मालकांनी राहायला थोड्या चाळी दिल्या, खासगी चाळवाल्यांनी पुष्कळ बांधल्या. १८९६ च्या प्लेगाने ही दाटी सरकारच्या डोळ्यांवर आणली, १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट हा सुधार ट्रस्ट निघाला आणि त्याच्या बीआयटी चाळी झाल्या. १९२० नंतर गव्हर्नर लॉइडच्या काळात सरकारच्या विकास खात्याच्या (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट) बीडीडी चाळी आल्या: वरळीला १२१, नायगावला ४२, डिलाईल रोडला ३२, शिवडीला १२, मिळून २०७. तळमजला आणि वर तीन मजले, एकेका इमारतीत ८० खोल्या, एकेक खोली १६० चौरस फुटांची. बांधल्या कामगारांसाठी, पण भाडं परवडेना म्हणून सुरुवातीला कितीतरी खोल्या रिकाम्याच होत्या. सविनय कायदेभंगाच्या दिवसांत वरळीच्या चाळींमध्ये सत्याग्रही कैदी ठेवले होते.

खोली एवढीशी, त्यातही ती गावकीची, म्हणजे एका गावच्या लोकांची सामायिक. तीन पाळ्यांचे पंधरा-वीस गडी एका खोलीत. खोलीत मावायची ट्रंक आणि वळकटी. जेवण खाणावळीत, झोप गॅलरीत, व्यायाम तालमीत, भजन चौकात, सभा मैदानात. टिळकांना १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. १९२८ चा संप सहा महिने टिकला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात हीच वस्ती रस्त्यावर उतरली. इतकी माणसं एकत्र यायची ती चाळीच्या जिन्यावर, नाक्यावर, खाणावळीच्या पंगतीत. ज्याला आपण गिरणगाव म्हणतो ते या सामायिक जागांवर उभं राहिलं.

नव्या नकाशात मात्र यातलं काहीच मोजलेलं नाही. खाली लॉबी, दोन लिफ्ट, पोडियमवर, म्हणजे इमारतीच्या पायथ्याच्या उंच ओट्यावर, गाड्या. म्हणून चौथा प्रश्न असा की सामायिक जागेचं माप करारात कसं आणायचं? कोणी आणलं आहे का? नुसत्या हळहळीने काही होणार नाही, सह्या होण्याआधीच हे ठरवावं लागेल.

वाइंडिंगची_लेक

धागा हवाच होता, काळाचौकीकर. पण गॅलरीचं कौतुक आलं की मला बोलावंसं वाटतं, तेव्हा बोलते.

गॅलरीत झोपायचे ते पुरुष. बायका आत, चुलीच्या धगीत. मजल्याच्या टोकाला सामायिक संडास, सकाळी रांग, आणि रात्री जायचं तर कोणाला तरी उठवून सोबत न्यायचं. पाळीच्या दिवसांत, बाळंतपणात, सासू-सून एका खोलीत असताना काय होत असेल हे ज्यांनी सोसलं त्यांना विचारा. स्वतःच्या घरात स्वतःचा संडास, दाराला आतून कडी, हे आमच्या बायकांसाठी फार मोठं आहे. ते कोणी हिशेबातून वगळू नये.

माझी आई वाइंडिंग खात्यात, म्हणजे सूत गुंडाळायच्या कामावर होती. गिरणीचा इतिहास सांगताना साचेवाले, म्हणजे माग चालवणारे, येतात, संप येतो, पुढारी येतात. बाया राहून जातात. १९२० च्या दशकात गिरण्यांत जवळपास पाचवा हिस्सा बायका होत्या, मुख्यतः रिळिंग आणि वाइंडिंगमध्ये, त्यांच्यावर देखरेखीला नायकिणी. १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या रजेचा कायदा झाला, ही मोठीच गोष्ट. पण मालकांना बाई ठेवणं जड वाटायला लागलं, रात्रपाळीत बायका चालत नव्हत्या, आणि वाइंडिंगची नवी यंत्रं आली तशी पहिली कुऱ्हाड आमच्यावर पडली. १९८२ च्या गिरणी संपाच्या कितीतरी आधी गिरणीतून बायका बाहेर पडल्या होत्या.

बाहेर पडलेल्या बाईने काय केलं? खाणावळ चालवली. दहा-पंधरा गड्यांचा दोन वेळचा स्वयंपाक, महिन्याने पैसे, संप असला की उधारी. सावकाराचं व्याज चढायचं. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच बायकांना बँकेचं कर्ज मिळवून द्यायला. १९८२ च्या संपात घरं तरली ती या डब्यांवर, पापडांवर, मसाल्यांवर, दुसऱ्याच्या घरच्या धुण्याभांड्यांवर.

म्हणून माझी मागणी जरा वेगळी आहे. सामायिक जागा मागताना सभागृह मागाल आणि त्याची किल्ली मंडळाच्या पोरांकडे जाईल. त्याच्या आधी बायकांच्या कामाची जागा मागा. आमच्या मजल्यावरच्या बाया गॅलरीत मिरच्या वाळवतात, डबे भरतात, शिवण करतात. नव्या सोसायटीत पहिला नियम होतो की पॅसेजमध्ये काही ठेवायचं नाही, घरात धंदा करायचा नाही. म्हणजे घर मिळालं आणि रोजी गेली. गच्चीचा एक भाग वाळवणाला राखून ठेवलेला, एक सामायिक स्वयंपाकाची खोली, एक पाळणाघर, असं नकाशात दाखवून घ्या.

साचेवाला

ताई, तुम्ही लिहिलंत ते खरं आहे. आमच्या वेळचा पुरुष हे बोलायचा नाही. मी साचेखात्यात होतो, त्यामुळे त्या बाजूचं सांगतो.

साचेखात्यातला आवाज असा की शेजारच्याशी बोलायचं तर ओठांवरून समजून घ्यायचं. म्हातारपणी आमच्यातले बरेच कानाने गेले. कार्डिंग आणि ब्लो रूम या कापूस पिंजायच्या खात्यांतल्यांच्या छातीत कापसाची तूस बसायची. केईएमच्या ओपीडीत खोकणारी माणसं आमच्याच गल्लीतली असायची. सूत तुटू नये म्हणून खात्यात पाण्याचा फवारा, खिडक्या बंद, बारा महिने दमट. बदली कामगार पहाटे गेटवर कार्ड घेऊन उभा राहायचा, कोणाचा खाडा पडला तर त्याला काम.

सामायिक जागेचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. ती जागा सगळ्यांना सारखी नव्हती. साचेखात्यात पगार चांगला, पण तिथे अस्पृश्य मानलेल्या माणसाला घेत नसत. कारण धोट्यातली, म्हणजे मागावरच्या शटलमधली, कांडी बदलताना सूत तोंडाने ओढून भोकातून काढावं लागे, आणि त्या धोट्याला आपण तोंड कसं लावायचं असं सवर्ण कामगार म्हणायचे. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपात हा प्रश्न पुढाऱ्यांसमोर ठेवला. स्वतः बाबासाहेब परळच्या बीआयटी चाळीत बरीच वर्षं राहिले, त्यांना ही वस्ती बाहेरून बघावी लागली नाही. नळावर, खोल्यांच्या वाटपात, इमारतींच्या वाटपात जात होती. जानेवारी १९७४ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींत दंगल झाली आणि त्याच महिन्यात परळला दलित पँथरच्या मोर्चात भागवत जाधव मारले गेले. नवी इमारत होताना कोण कोणाच्या शेजारी येणार हे सोडतीने ठरतं. माझ्या मते पुनर्विकासातली ही एक फार चांगली गोष्ट आहे, आणि कोणी 'आपापल्या लोकांचा मजला' मागत असेल तर त्याला बैठकीतच अडवा.

टॉवर_१९वा_मजला

मी मूळचा नागपूरचा, लोअर परळला भाड्याने राहतो, ऑफिसही जुन्या गिरणीच्या आवारातच आहे. धागा वाचून प्रश्न पडला की आमच्यासारख्यांनी इथे काय करावं? खालच्या चाळीतले लोक आणि आम्ही एकाच रस्त्याने जातो पण ओळख होत नाही. मनापासून विचारतो आहे.

काळाचौकीकर

@टॉवर_१९वा_मजला, तुम्ही विचारलंत याचं बरं वाटलं. गणपतीत वर्गणी देण्यापलीकडे एक करता येईल: रस्ता, फुटपाथ, मैदान, महापालिकेची शाळा या गोष्टींवर प्रभागात आवाज उठवताना तुमच्या इमारतीनेही सही करावी. मैदान गेलं तर दोघांचंही जातं.

वाइंडिंगची_लेक, गच्चीचं आणि स्वयंपाकाच्या खोलीचं मी टिपून घेतलं आहे. साचेवाला काका, सोडतीचा मुद्दाही.

नकाशावाला

नगररचना शिकवतो, म्हणून जमिनीचा हिशेब मांडतो. तो ठाऊक नसेल तर चाळीच्या करारात आपण इतके हातघाईवर का आलो आहोत हे कळत नाही.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. मूळ अडचण पगार-बोनसची होती आणि त्यासोबत १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याची, ज्यामुळे वाटाघाटीचा अधिकार एकाच मान्यताप्राप्त संघटनेकडे, राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही, तो विरत गेला. लाखाच्या वर लोकांची नोकरी गेली. पण संपाने गिरण्या बुडाल्या एवढंच म्हणून थांबणं अपुरं आहे. यंत्रमाग आधीच पुढे गेला होता, बऱ्याच मालकांनी यंत्रसामग्रीत पैसा घालणं थांबवलं होतं, आणि शहराच्या मधोमध असलेली जमीन कापडापेक्षा महाग झाली होती. ती जमीन जवळपास ६०० एकर.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत नियम ५८ आला. गिरणीची जमीन विकसित करायची तर ढोबळमानाने तीन वाटे: एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाला, घरांसाठी, एक मालकाला. हा नियम तसाच राबवला असता तर दोनशेच्या आसपास एकर मैदानं आणि बागा मध्य मुंबईत आल्या असत्या. १९९६ मध्ये चार्ल्स कोरिया यांच्या समितीने राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांचा एकत्रित आराखडा मांडला. सुट्या सुट्या गिरण्या न विकता सगळ्या जमिनी जोडून रस्ते, मोकळ्या जागा, स्थानकांभोवतीचा परिसर यांचा विचार करा, हा त्याचा गाभा होता. तो बाजूला राहिला.

मग २००१ मध्ये नियम बदलला. वाटा काढायचा तो फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीचा, असं झालं. गिरणीच्या आवारात शेडच जास्त, मोकळी जमीन थोडी. त्यामुळे महापालिका आणि म्हाडा यांच्या वाट्याला तुकडे उरले. याविरुद्ध जनहित याचिका झाली, २००५ मध्ये उच्च न्यायालयाने याचिकाकर्त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि ७ मार्च २००६ ला सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. तिथे विषय संपला.

परिणाम रस्त्यावर दिसतो. गिरण्यांच्या जागी कचेऱ्या, मॉल, उंच इमारती आल्या. रोज लाखो माणसं परळ, लोअर परळ, करी रोडला उतरू लागली, आणि जिने-पूल गिरणीच्या काळातलेच. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ जण गेले. पूल अरुंद आहे हे रोज तिथून जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं. पुढच्या वर्षी स्थानकाचं नाव प्रभादेवी झालं आणि लष्कराने नवा पादचारी पूल बांधला. एकत्रित आराखडा का हवा असतो, याचं याहून दुःखद उत्तर मला देता येत नाही.

मोकळी जागा एकदा हातची गेली की परत येत नाही. गिरण्यांची गेली. आता चाळींच्या जमिनीवर काय राहतं ते आपल्या सह्यांवर आहे. म्हणून काळाचौकीकरांचा चौथा प्रश्न मला पहिल्या तिघांइतकाच महत्त्वाचा वाटतो.

बदलापूरला_गेलेला

थोडं वेगळं मत. मी आणि भावाने लालबागची खोली सोडली, आलेल्या पैशात दोघांची दोन घरं झाली, एक बदलापूरला आणि एक डोंबिवलीला. एका खोलीवर दोन-तीन भावंडांचा हक्क असतो, तीनशे किंवा पाचशे फुटांचं घर कितीही नवं असलं तरी ते वाटून घेता येत नाही. वस्ती टिकवा म्हणताना हेही लक्षात घ्या. आम्ही गिरणगाव सोडलं ते प्रेम कमी झालं म्हणून नव्हे. लोकलचा प्रवास अंगावर येतो, आईला शेजार तुटल्याचं दुःख आहे, पण माझ्या मुलीला अभ्यासाला स्वतःची खोली आहे आणि ते मला हवं होतं.

वाइंडिंगची_लेक

@बदलापूरला_गेलेला, तुमचा निर्णय चुकीचा म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही. माझ्या दोन्ही आत्या अशाच गेल्या. एवढंच वाटतं की जाणारा आपल्या मनाने गेला पाहिजे. नव्या इमारतीचा देखभाल खर्च झेपेना म्हणून घर विकावं लागलं, अशी माणसं आमच्या गल्लीत आहेत. मुलांना चांगली नोकरी नाही, एकटी विधवा बाई, हातात पेन्शन नाही, आणि महिन्याला हजारोंचं बिल. तिथे मन कुठे विचारलं जातं?

वरळी_नाका

आम्ही वरळी बीडीडीतले. आमचं थोडं वेगळं, कारण इथे म्हाडा बांधते आणि जमीन सरकारी. भूमिपूजन एप्रिल २०१७ ला झालं, प्रत्यक्ष कामाचा नारळ १ ऑगस्ट २०२१ ला फुटला आणि १४ ऑगस्ट २०२५ ला पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांवरून ५०० चौरस फूट, मालकी हक्काने. माझ्या मावशीचं घर त्यात आहे. पहिल्या दिवशी मावशी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नुसती फिरत होती. तिच्या वयाच्या बाईला उभ्या जन्मात दुसरी खोलीच नव्हती.

जे चांगलं आहे ते आधी सांगतो. मधल्या काळातलं घरभाडं किंवा संक्रमण घर मिळालं. बारा वर्षं देखभालीचा भार रहिवाशांवर टाकायचा नाही असं ठरलं आहे. तुमच्या ३३(७) मध्ये अटी वेगळ्या असतील, तेव्हा त्यावर लक्ष ठेवा. आणि बारा वर्षांनंतर काय, हा प्रश्न आम्हालाही आहेच. चाळीस मजल्यांच्या इमारतीच्या लिफ्ट, पंप आणि आगीची यंत्रणा जुनी व्हायला लागेल तेव्हाच बिलं आमच्याकडे येतील. त्यासाठी आतापासून निधी बाजूला टाकायला हवा असं मी लोकांना सांगत असतो.

आता जे जाणवतं ते. जुन्या चाळीत एका मजल्यावर वीस दारं, समोरासमोर. सगळी उघडी. कोण आजारी, कोणाकडे पाहुणे, कोणाचा पोरगा शाळेत गेला नाही, सगळ्यांना ठाऊक. नव्या घरात दार लावलं की लावलं. मावशीने एक केलं, तिच्या मजल्यावरच्या बायकांनी संध्याकाळी ठरावीक वेळेला दारं उघडी ठेवायची असं ठरवलं. लिफ्टच्या समोरच्या जागेत खुर्च्या टाकून बसतात. ती जागा नकाशात बसण्यासाठी नाही, आग लागली तर मोकळी राहावी म्हणून आहे, त्यामुळे तिथे कायमचं काही ठेवता येत नाही. दर चार-पाच मजल्यांना एक बसायची खोली ठेवली असती तर काय झालं असतं? आमच्या वेळेला कोणाला सुचलं नाही. तुम्हाला अजून वेळ आहे.

शिवडीच्या १२ इमारतींकडेही लक्ष असू द्या. त्या पोर्ट ट्रस्टच्या जमिनीवर असल्यामुळे या योजनेत आल्या नाहीत. आमच्यासारख्याच खोल्या आणि तेवढ्याच जुन्या भिंती आहेत त्यांच्या.

साचेवाला

वरळीकरांना घरं मिळाली, मनापासून आनंद आहे. पण ज्यांच्या खोल्या संपानंतर सुटल्या, जे गावी गेले, त्यांचंही या धाग्यात नाव निघायला हवं.

म्हाडाच्या वाट्याला गिरण्यांची जी थोडी जमीन आली तिच्यावर कामगारांना घरं द्यायचं ठरलं. अर्ज आले दीड लाखाच्या आसपास. पहिली सोडत जून २०१२ मध्ये, ६,९२५ घरांची. नंतर २०१६ मध्ये, मग मार्च २०२० मध्ये. सगळ्या सोडती मिळून घरं सोळा हजारांच्या आसपास. म्हणजे दहातल्या एकाला. बाकीच्यांना आता शेलू आणि वांगणीचं नाव सांगतात. कर्जत-बदलापूरच्या बाजूला, जिथे आमच्यातला कोणी कधी कामाला गेला नाही. जुलै २०२५ मध्ये आझाद मैदानावर मोर्चा झाला, त्यात काठी टेकत आलेले सत्तरी-पंच्याहत्तरीचे लोक होते. बऱ्याच अर्जांवर आता वारसांची नावं चढली आहेत.

मला कोणाशी भांडायचं नाही. पण गिरणगावाचं नूतनीकरण झालं असं कोणी म्हणायला लागलं की या यादीकडे बोट दाखवा.

आणि एक. काळाचौकीला इंडिया युनायटेड मिल नंबर २-३ च्या जागेत महापालिकेचं वस्त्रोद्योग संग्रहालय व्हायचं आहे. तिथे यंत्रं ठेवतील, चिमणी राखतील. पण यंत्र चालवायचं कसं ते सांगणारी माणसं आता थोडीच आहेत. साचा कसा बांधायचा, ताणा कसा भरायचा, जॉबरला, म्हणजे कामावर घेणाऱ्या मुकादमाला, काय द्यावं लागायचं, कुठल्या खात्यात कुठल्या गावचे लोक होते, हे आमच्याबरोबर जाईल. तरुणांनी फोन काढावा, समोर बसावं आणि बोलतं करावं. आम्ही बोलायला तयार आहोत. विचारायला कोणी येत नाही.

टॉवर_१९वा_मजला

साचेवाला काका, मी येतो. आवाज नीट घेता येईल असं साहित्य माझ्याकडे आहे आणि रविवार मोकळा असतो. आमच्या ऑफिसातले आणखी दोघे तयार आहेत. तुमच्या ओळखीतल्या, बोलायची इच्छा असलेल्या मंडळींना विचारून ठेवाल का? वाइंडिंगची_लेक, तुमच्या आईशी किंवा त्यांच्या बरोबरच्या बायकांशीही बोलता आलं तर आवडेल.

वाइंडिंगची_लेक

आई नाही आता. पण तिच्या खात्यातल्या दोघी आहेत, एक चिंचपोकळीला आणि एक नायगावला. विचारते. बायकांशी बोलायला तुमच्यासोबत एखादी बाई आणा, मोकळं बोलतील.

करार_वाचा

उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासाचे कागद मी बरीच वर्षं पाहतो आहे. काळाचौकीकरांच्या मूळ प्रश्नाचं उत्तर देतो.

३३(७) मध्ये जुन्या निवासी भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट चटई क्षेत्र मिळतं, ५१ टक्के रहिवाशांची संमती लागते आणि म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. त्यापलीकडचं बरंचसं वाटाघाटीचं. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या नियमात बालवाडी आणि कल्याण केंद्र ठेवावंच लागतं. तुमच्या बाबतीत कोणी ते आपणहून आणून देईल असं धरून चालू नका, नावानिशी मागा.

लोक कुठे फसतात ते सांगतो. बैठकीत विकासक म्हणतो 'हॉल देऊ', टाळ्या पडतात, आणि करारात शब्द येतो 'सोयीसुविधा उपलब्धतेनुसार'. असा शब्द दिसला की सही थांबवा. हॉल असेल तर चौरस फूट लिहा, मजला लिहा, तो पुनर्वसन इमारतीतच आहे की विक्रीच्या इमारतीत ते लिहा, मालकी तुमच्या सोसायटीची आहे हे लिहा, आणि कराराला जोडलेल्या नकाशावर ती जागा रंगवून त्यावर दोघांच्या सह्या घ्या. विक्रीच्या टॉवरच्या पोडियमवर बाग दाखवतात. तिथे जायचा हक्क पुनर्वसनातल्या लोकांना आहे का, हे कागदावर नसेल तर उद्या तिथे कुलूप लागतं. अंगणाचंही तसंच. गणपतीचा मंडप कुठे पडणार ती जागा नकाशात आजच दाखवा. नंतर तिथे पार्किंगचे पट्टे मारलेले असतात.

देखभालीसाठी प्रत्येक घरामागे ठरलेली रक्कम सोसायटीच्या नावाने बँकेत ठेव म्हणून, ताब्याच्या आधी. व्याजातून बिलाचा काही भाग निघाला पाहिजे, मुद्दलाला हात लावायचा नाही. इमारत जितकी उंच तितका खर्च जास्त, म्हणून पुनर्वसनाची इमारत किती मजल्यांची आहे हेही विचारा. कित्येकदा विक्रीच्या इमारतीला समोरची मोकळी बाजू मिळावी म्हणून जुन्या रहिवाशांना एका अरुंद, उंच इमारतीत रचतात. दोन इमारतींमधलं अंतर स्वतः नकाशावर मोजा. खालच्या मजल्यांना ऊन आणि वारा येणार की नाही ते त्या आकड्यावर ठरतं.

भाडं आगाऊ घ्या, पुढच्या वर्षांचे चेक आधी हातात. आणि प्रत्येक कुटुंबाचा कायमस्वरूपी पर्यायी जागेचा करार नोंदणीकृत करून मगच खोली रिकामी करा. खोली रिकामी केल्यावर तुमच्या हातात काहीच उरत नाही.

वाइंडिंगची_लेक यांनी सांगितलेली स्वयंपाकाची खोली आणि पाळणाघर नुसतं 'सामायिक वापर' असं लिहू नका. कोणासाठी, चालवणार कोण, हे सोसायटीच्या ठरावात घ्या. ठराव झाला की पुढच्या कमिटीला ते मोडणं अवघड जातं.

काळाचौकीकर

करार_वाचा, याचा प्रिंट काढून मजल्यामजल्यावर वाटतो. पुढच्या बैठकीत बायकांची वेगळी बैठक आधी घ्यायची असं आमच्या मजल्यावर ठरलं आहे, म्हणजे गच्ची, स्वयंपाकाची खोली आणि पाळणाघर त्यांच्या तोंडून येईल. पुनर्वसनाच्या इमारतीची उंची आणि दोन इमारतींमधलं अंतर आम्ही विचारलंच नव्हतं, ते विकासकाकडे लेखी मागतो.

वरळी_नाका, चार-पाच मजल्यांना एक बसायची खोली ही कल्पना आमच्या वास्तुविशारदापुढे ठेवायची आहे. मावशींच्या इमारतीचा मजल्याचा नकाशा मिळेल का?

वरळी_नाका

मिळेल. मावशीकडे ताब्याच्या कागदांत आहे, शनिवारी जातो तेव्हा फोटो काढून टाकतो. बैठकीची वेळ कळवा, आमच्यातले दोघं-तिघं येऊन बसतील.